छावणीचे दार आणि कारखान्याची खिडकी

दरवर्षी युरोपातील शाळांमधून हजारो विद्यार्थी दोन महायुद्धांची स्थळे पाहण्यासाठी नेले जातात. ब्रिटनमधील मुले बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर आणि फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जातात. जर्मनीतील मुलांना डाखाऊ, साक्सेनहाउसेन, बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांची स्मारके दाखविली जातात. आणि अनेक देशांतील मुले पोलंडमधील ऑश्विट्झला जातात. एकट्या ऑश्विट्झला २०१९ या वर्षी भेट देणाऱ्यांची संख्या २३ लाखांवर गेली होती. या सहलींमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जे घडले ते पुन्हा घडू नये आणि त्यासाठी नव्या पिढीने ते जागेवर जाऊन पाहावे, अशी त्यामागची धारणा आहे. ज्यांनी ते भोगले त्यांच्यापैकी आता फारच थोडे हयात आहेत. साक्षीदार गेल्यावर साक्ष द्यायला जागाच तेवढ्या उरतात.

परंतु हेतू चांगला असला म्हणजे योजनाही चांगली असतेच असे नाही. जर्मनीतील थुरिंजिया या प्रांताकडे पाहिले म्हणजे या योजनेची परीक्षा घेण्याची वेळ आली आहे हे ध्यानात येते. बुखेनवाल्डची छळछावणी याच प्रांतात होती. पूर्व जर्मनीच्या राजवटीत तेथील शाळकरी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या या छावणीचे दर्शन घडविले जात असे, आणि १९९० च्या एकीकरणानंतरही शाळांच्या सहली चालूच राहिल्या. असे असूनही १ सप्टेंबर २०२४ रोजी झालेल्या प्रांतिक निवडणुकीत ‘आल्टरनाटीव्ह फ्यूर डॉइचलँड’ हा कडवा उजवा पक्ष ३२.८ टक्के मते मिळवून पहिल्या क्रमांकावर आला. या पक्षाची थुरिंजियातील शाखा निश्चितपणे अतिरेकी उजवी असल्याचा निर्वाळा तेथील घटनारक्षक सरकारी यंत्रणेने २०२१ सालीच दिला होता. शाखेचे नेते ब्यॉर्न ह्योके हे पूर्वाश्रमीचे इतिहासाचे शिक्षक. जानेवारी २०१७ मध्ये ड्रेस्डेन येथील भाषणात त्यांनी जर्मनीच्या स्मृतिविषयक धोरणाची दिशा पूर्णपणे उलटी फिरवावी अशी मागणी केली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात बुखेनवाल्डच्या बळींच्या स्मरणार्थ लावलेल्या झाडांपैकी काही झाडे रातोरात तोडून टाकण्यात आली. इतर पक्षांनी एकत्र येऊन डिसेंबर २०२४ मध्ये सरकार स्थापन केले व या पक्षाला सत्तेबाहेर ठेवले हे खरे. पण तिसरा हिस्सा मतदार त्याच्या मागे उभा राहिला हेही तितकेच खरे.

यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक पक्ष म्हणतो की, या सहली निरर्थक आहेत. मुले येतात, छायाचित्रे काढतात आणि परत जातात. दुसरा पक्ष म्हणतो की, त्या सर्वांना सक्तीच्या करा, म्हणजे कोणी सुटणार नाही. या दोन्ही भूमिका उथळ आहेत. सक्तीने काय साधते याचा प्रयोग पूर्व जर्मनीने चाळीस वर्षे करून पाहिला आहे. आणि सहली निरर्थक म्हणून बंद केल्या, तर झाडे तोडणाऱ्यांना याहून मोठा आनंद दुसरा नसेल. दोष सहलीच्या कल्पनेत नाही, तिच्या आखणीत आहे. मुलांना काय दाखवायचे, कोणत्या क्रमाने दाखवायचे आणि कोणता प्रश्न बरोबर देऊन पाठवायचे, याचा विचार न करता केवळ गाडीभाड्याचा आणि मुक्कामाचा विचार होतो. तेथेच सारे बिघडते.

शेवटचे दृश्य

नेहमीची सहल शेवटच्या दृश्यापाशी जाते आणि तेथूनच परतते. दार, काटेरी तार, बराकी, शवदाहिनीची भट्टी, चपलांचा ढीग. मुले हादरतात, काही रडतात. हे रडणे खोटे नसते. परंतु हादरणे म्हणजे समजणे नव्हे. शेवटचे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात स्वाभाविकपणे असा ग्रह होतो की, हे कृत्य कोणा राक्षसांनी केले, ते राक्षस मेले, आणि आपण राक्षस नसल्यामुळे आपल्याला धोका नाही. ज्या मनाला धक्का बसला आहे त्या मनाला विचार करण्याची सवड मिळत नाही. पश्चिम जर्मनीतील राज्यशास्त्राच्या शिक्षकांनी १९७६ साली बॉइटेल्सबाख या गावी एकत्र बसून अध्यापनाची जी तत्त्वे ठरविली, त्यांतील पहिलेच तत्त्व असे होते की, विद्यार्थ्याला भारावून टाकून त्याचे मत बनवू नये. जे विद्वानांत वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडले पाहिजे, हे दुसरे. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती तपासता आली पाहिजे, हे तिसरे. जगातील कोणत्याही अभ्यासदौऱ्याने ही तीन तत्त्वे दप्तरात घेऊनच निघावे.

वेळेचाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून चालत आलेल्या एका उपक्रमात प्रत्येक शाळेतून दोन विद्यार्थी निवडून त्यांना विमानाने एका दिवसात ऑश्विट्झला नेऊन आणले जाते. या उपक्रमाच्या चालकांना न्याय द्यायचा तर हे सांगितले पाहिजे की, ते जाण्यापूर्वी आणि परतल्यावर अभ्यासवर्ग घेतात, आणि गेलेल्या दोघांनी शाळेतील इतरांना सांगावे अशी अपेक्षा ठेवतात. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त इंग्लंडमध्ये २०१४ ते २०१९ या काळात सरकारी खर्चाने जी रणभूमी-सहल योजना राबविली गेली, तिच्यातही प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतून दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक एवढ्यांनाच जागा होती. वर्गातील दोघांनी जावे आणि उरलेल्यांनी ऐकावे, ही विभागणी शिक्षणाला शोभणारी नाही. जी मुले आधीच बोलकी, आधीच वाचणारी, तीच निवडली जाणार हे उघड आहे. ज्या मुलाला कडव्या उजव्यांची भाषा उद्या सर्वांत आधी ऐकू येणार आहे, ते मूल मागच्या बाकावरच राहते.

वायमारपासून एरफुर्टपर्यंत

मग दौरा आखावा कसा? पाच देशांतील दहा स्थळे धावत पाहण्यापेक्षा एकच टापू निवडून तेथे तीन दिवस घालविणे केव्हाही हिताचे. उदाहरण म्हणून थुरिंजियाच घेता येईल. वायमार, बुखेनवाल्ड आणि एरफुर्ट ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून २५ किलोमीटरच्या आतबाहेर आहेत, आणि या छोट्याशा अंतरात लोकशाहीच्या जन्मापासून तिच्या खुनापर्यंतची आणि त्या खुनाला लागणाऱ्या हत्यारांपर्यंतची संपूर्ण साखळी पाहता येते.

पहिला दिवस वायमारचा. गटे आणि शिलर यांचे हे गाव. येथील नाट्यगृहात १९१९ मध्ये राष्ट्रीय सभा भरली आणि ३१ जुलै रोजी तिने जर्मनीची पहिली लोकशाही घटना संमत केली. त्याच नाट्यगृहात अवघ्या सात वर्षांनी, जुलै १९२६ मध्ये, हिटलरच्या पक्षाचे अधिवेशन झाले. डिसेंबर १९२९ च्या प्रांतिक निवडणुकीत या पक्षाला मिळालेली मते ११.३ टक्के होती आणि ५३ पैकी जागा होत्या ६. एवढ्या बळावर कोणी सत्ता काबीज करू शकत नाही. ती त्यांना दिली गेली. प्रांतातील उच्चभ्रू व मध्यमवर्गीय पक्षांना समाजवाद्यांना बाहेर ठेवून सरकार बनवायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी जानेवारी १९३० मध्ये विल्हेल्म फ्रिक या नाझी नेत्याच्या हाती गृह आणि शिक्षण ही दोन खाती सुपूर्द केली. जर्मनीतील कोणत्याही प्रांतातला हा पहिला नाझी मंत्री. पोलिस आणि शाळा ही दोनच खाती त्याला पुरेशी वाटली, यातच सारे आले. त्याच वर्षी येना विद्यापीठात वंशशास्त्राचे अध्यासन निर्माण करून तेथे नाझींच्या पसंतीच्या माणसाची नेमणूक झाली. हिटलर देशाचा पंतप्रधान होण्यास तेव्हा अजून तीन वर्षे अवकाश होता. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसवून मुलांना हे ११.३ आणि ६ चे गणित घातले पाहिजे. छावणीच्या भिंती पाहून जे कळणार नाही, ते या गणितातून कळेल.

याच गावात मे २०२४ मध्ये नाझी काळातील सक्तीच्या मजुरीचे संग्रहालय उघडले आहे. नाझी पक्षाने स्वतःच्या वैभवासाठी उभारलेल्या इमारतींमध्येच ते आहे. थुरिंजियाचा नाझी सुभेदार फ्रिट्झ झाउकेल याची १९४२ मध्ये देशाच्या मजूरभरतीचा सर्वाधिकारी म्हणून नियुक्ती झाली, आणि पोलंड, युक्रेन, रशिया, फ्रान्स येथून माणसे गुरांसारखी गाड्यांत भरून आणली गेली. युद्धकाळात जर्मनीच्या हद्दीत सक्तीने राबविलेल्या स्त्री-पुरुषांची संख्या, युद्धकैदी आणि छावण्यांतील कैदी धरून, १ कोटी ३० लाखांहून अधिक होती. ही माणसे छावणीच्या तारेआड दडविलेली नव्हती. ती शेतावर होती, बेकरीत होती, रेल्वेच्या रुळांवर होती, नगरपालिकेच्या कामावर होती. त्यांना कोणी पाहिले नाही असे म्हणणे शक्यच नव्हते. झाउकेलला १९४६ साली न्यूरेंबर्ग येथे फाशी झाली. परंतु ज्यांनी अर्ज करून मजूर मागवून घेतले त्या हजारो मालकांना कोणी काही विचारले नाही.

दुसरा दिवस बुखेनवाल्डचा. वायमारहून आठ-दहा किलोमीटरवर एटर्सबर्गच्या टेकडीवर जुलै १९३७ मध्ये ही छावणी सुरू झाली. येथे आणि हिच्या उपछावण्यांत मिळून २,७७,००० हून अधिक माणसे कोंडली गेली आणि सुमारे ५६,००० मृत्युमुखी पडली. दारावरील लोखंडी अक्षरांचा अर्थ ‘ज्याचे त्याला’ असा आहे, आणि ती आत उभ्या असलेल्या कैद्याला वाचता यावीत अशी आतल्या बाजूला तोंड करून बसविली आहेत. त्या अक्षरांचे रेखाटन करावे लागले ते फ्रान्झ एर्लिख या कम्युनिस्ट कैद्याला. तो ‘बाउहाउस’ या कलाशाळेचा विद्यार्थी होता, आणि ही शाळा १९१९ साली निघाली होती ती खाली वायमारमध्येच. येथे कोण आले आणि कोणत्या क्रमाने आले, हे मुलांनी स्वतः शोधावे. मार्च १९३३ मध्ये डाखाऊची पहिली छावणी उघडली ती कम्युनिस्ट, समाजवादी आणि कामगार कार्यकर्त्यांसाठी. २ मे १९३३ रोजी देशभरातील कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली गेली. आधी ज्यांचा आवाज मोठा त्यांचे तोंड बंद झाले, म्हणून पुढे ज्यांना आवाजच नव्हता त्यांच्यासाठी ओरडणारे कोणी उरले नाही. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी दंगलीनंतर जवळजवळ १०,००० ज्यू पुरुष या टेकडीवर आणले गेले. सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ८,००० हून अधिक जणांना येथील घोड्यांच्या पागेत उभारलेल्या बनावट दवाखान्यात मानेत गोळी घालून मारण्यात आले. साम्यवादी नेते एर्न्स्ट थेलमान यांची ऑगस्ट १९४४ मध्ये येथेच हत्या झाली, आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे रुडॉल्फ ब्राइटशाइड त्याच महिन्यातील हवाई हल्ल्यात येथेच बंदिवासात मरण पावले. हयात असता ज्या दोन पक्षांनी एकमेकांशी हातमिळवणी केली नाही, त्यांचे नेते एका टेकडीवर संपले. यावर मार्गदर्शकाने भाष्य करण्याची गरज नाही.

मात्र एक गोष्ट आवर्जून दाखविली पाहिजे. छावणीची स्वतःची शवदाहिनी १९४० मध्ये झाली. तोपर्यंत येथील मृतदेह वायमारच्या नगरपालिकेच्या दाहगृहात जाळले जात असत. तेथे नोंदवह्या होत्या, कारकून होते, वाहनचालक होते. अमेरिकन सैन्य ११ एप्रिल १९४५ रोजी पोहोचल्यावर पाचच दिवसांनी वायमारच्या सुमारे हजार नागरिकांना टेकडीवर चालवत नेऊन छावणी दाखविण्यात आली. त्यांतील अनेकांनी सांगितले की, आम्हांला यातले काहीच ठाऊक नव्हते. हे उत्तर खरे मानायचे की खोटे, एवढ्या एका प्रश्नावर विद्यार्थ्यांना संध्याकाळभर बसविता येईल. स्मारकाची युवक-निवासाची सोय आहे ती पूर्वीच्या एसएस सैनिकांच्या बराकीत; म्हणजे चर्चेला जागाही योग्यच मिळते.

तिसरा दिवस एरफुर्टचा, आणि हाच दिवस बहुतेक सहलींतून गळलेला असतो. तेथे ‘टॉप्फ आणि पुत्र’ या १८७८ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याची कचेरी उभी आहे. दारूभट्ट्यांना लागणारी माल्टची यंत्रे आणि औष्णिक भट्ट्या हा त्यांचा धंदा. या कारखान्याने १९३९ पासून छळछावण्यांना शवदाहिनीच्या भट्ट्या पुरविल्या. ऑश्विट्झ-बिर्केनाऊ येथील वायुकोठड्यांतून विषारी वायू बाहेर काढणारी यंत्रणाही यांनीच बसविली. यांचे अभियंते प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम पाहून येत असत. जळण वाचावे, वेळ वाचावा यासाठी ते आपल्या बुद्धीने सुधारणा सुचवीत. एकाने तर १९४२ मध्ये अखंड चालणाऱ्या भट्टीच्या एकस्वासाठी अर्ज तयार केला. या कामाचा कारखान्याच्या एकूण उलाढालीत वाटा किती? जेमतेम दोन टक्के. म्हणजे हे काम केले नसते तर कारखाना बुडाला नसता. कोणी बंदूक रोखली नव्हती. मालक काही कडवे वंशवादी म्हणून प्रसिद्ध नव्हते. कामगारांत जुने कम्युनिस्टही होते. मागणी आली, पुरवठा झाला. २०११ पासून या इमारतीत स्मृतिस्थळ आहे, आणि तिच्या दर्शनी भिंतीवर कारखाना आपल्या पत्रांच्या शेवटी लिहीत असलेले वाक्य ठेवले आहे : आपल्या सेवेस सदैव सानंद तत्पर. वरच्या मजल्यावर आराखडे काढणाऱ्यांची टेबले जेथे होती तेथील खिडकीतून दूरवर एटर्सबर्गची टेकडी दिसते.

छावणीच्या दारापाशी मूल स्वतःला कैद्याच्या जागी कल्पिते, आणि ते स्वाभाविकच आहे. या खिडकीपाशी मात्र त्याला स्वतःला आराखडे काढणाऱ्याच्या जागी कल्पावे लागते. अभ्यासदौऱ्याचे सारे सार या दोन जागांमधील अंतरात आहे. उद्या या मुलांपैकी फारच थोडी जुलमी सत्ताधीश होतील. परंतु कचेरीत, कारखान्यात, खात्यात बसून समोर आलेल्या कागदावर सही करायची की नाही, हा प्रसंग त्यांच्यापैकी पुष्कळांवर येणार आहे.

स्वतःच्या बाजूचे मौन

येथे कोणी असे समजू नये की, कारखान्याकडे बोट दाखविल्याने सर्व हिशेब चुकता होतो. ज्यूंचा वंशसंहार हा केवळ भांडवलाच्या नफ्याचा परिणाम नव्हता. त्याच्या मुळाशी शतकानुशतके पोसलेला वंशद्वेष होता. डाव्या विचाराच्या राजवटीने नेमकी हीच गोष्ट झाकली. पूर्व जर्मनीने १९५८ मध्ये एटर्सबर्गच्या उतारावर भव्य मनोरा आणि कैद्यांच्या उठावाचे शिल्प उभारले. त्यात शूर कम्युनिस्ट होता. ज्यू, सिंती व रोमा, समलिंगी पुरुष, समाजाला नकोसे म्हणून उचलून आणलेले बेघर यांना फारशी जागा नव्हती. आणि एक गोष्ट तर पूर्णच दडपली गेली : १९४५ ते १९५० या काळात याच बराकींत सोव्हिएत सत्तेने स्वतःची बंदिछावणी चालविली. तीत सुमारे २८,००० माणसे खटल्यावाचून डांबली गेली आणि ७,००० हून अधिक भुकेने व रोगाने मेली. त्यांत नाझी पक्षाचे लहानमोठे अधिकारी बरेच होते, तसेच निरपराधही होते. या मृतांची दफने रानात निनावी राहिली, आणि १९९० पर्यंत त्यांचा उच्चारही करण्याची मुभा नव्हती. ज्या मुलांना मनोऱ्यापुढे मानवंदना द्यायला लावले, त्यांच्याच घरी आजोबांविषयी कुजबुज चालू असे. सरकारी सत्याचा एक कोपरा खोटा निघाला की, लोक उरलेले सर्व सत्यही टाकून देतात. थुरिंजियातील आजच्या रोगाचे हेही एक कारण आहे, हे डाव्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दोन मुलांचे आहे. श्टेफान येर्झी झ्वाइग हा तीन वर्षांचा ज्यू मुलगा छावणीतील राजकीय कैद्यांनी वाचविला, आणि त्याच्या कथेवर आधारलेली ब्रूनो आपिट्झ यांची १९५८ ची कादंबरी पूर्व जर्मनीतील प्रत्येक शाळेत अभ्यासाला होती. कादंबरीत जे आले नाही ते छावणीच्या कागदांत आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये ऑश्विट्झला पाठवायच्या २०० जणांच्या यादीतून या मुलाचे नाव खोडले गेले, तेव्हा दुसरे नाव घालावे लागले. ते विली ब्लूम या १६ वर्षांच्या सिंती मुलाचे होते. यादीत असलेल्या धाकट्या भावाबरोबर जाण्यासाठी तो तयार झाला होता. दोघेही परत आले नाहीत. ज्यांनी लहानग्याला वाचविले त्यांना दोष देण्याचा अधिकार तारेबाहेरच्या कोणालाही नाही. यादीच दुसऱ्या कोणी तरी केली होती. परंतु एका मुलाची कथा सांगून दुसऱ्याचे नाव लपविणे हा इतिहास नव्हे. छावणीकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावर, जो कैद्यांकडूनच १९४३ मध्ये बांधून घेतला होता, आता तरुणांची श्रमशिबिरे भरतात. रान झालेला मार्ग मोकळा करून येथून ऑश्विट्झला धाडलेल्या मुलांची नावे दगडांवर लिहून ते मांडले जातात. हातात कुदळ आणि एका नावाची जबाबदारी, यापेक्षा चांगला अभ्यासक्रम सापडणे कठीण.

रणभूमीवरील विसरलेले हात

छावण्यांच्या दौऱ्याला जो न्याय, तोच रणभूमीच्या दौऱ्यालाही लावला पाहिजे. ईप्रच्या मेनिन दरवाजाखाली १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतो, आणि मुलांना तो ऐकवून परत आणले जाते. त्या बिगुलात सर्व मृत एकाच राष्ट्राचे आणि एकाच मताचे होऊन जातात. पळून गेले, भेदरले म्हणून ब्रिटिश सैन्याने आपल्याच ज्या ३०६ सैनिकांना पहाटे उभे करून गोळ्या घातल्या आणि ज्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडावे लागले, ते या कवायतीत कुठे आहेत? खंदक खणायला, दारूगोळा वाहायला आणि युद्धानंतर प्रेते गोळा करायला चीनमधून आणलेले सुमारे १,४०,००० मजूर कुठे आहेत? फ्रान्समधील नोयेल-स्यूर-मेर येथील त्यांच्या दफनभूमीत ८०० हून अधिक थडगी आहेत; तेथे सहलीची गाडी क्वचित वळते. नव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत, ज्यांना थडगेही मिळाले नाही. तेथे गेलेल्या विद्यार्थ्याने एवढेच विचारावे की, दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी ही माणसे इतक्या दूर का मेली, आणि त्यांना कोणी विचारले होते काय.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील यशवंत घाडगे हा मराठा पलटणीतील बावीस वर्षांचा नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ मध्ये मोंतोने या गावी त्याचे स्मारक उभे राहिले. तो फॅसिझमविरुद्ध लढत होता यात शंका नाही. परंतु त्याच जुलै महिन्यात जयप्रकाश नारायण आणि राममनोहर लोहिया हे त्याच साम्राज्याचे बंदी म्हणून लाहोरच्या किल्ल्यात होते. आणि त्यांतील लोहियांनी १९२९ ते १९३३ या काळात बर्लिनमध्ये संशोधन करीत असताना नाझींचा उदय डोळ्यांनी पाहिला होता. फॅसिझमविरुद्ध लढणारे सैन्य आणि स्वातंत्र्य नाकारणारे सरकार एकाच सत्तेचे होते, ही गोष्ट युरोपातील मुलांना कोणत्याच स्मारकावर आपोआप वाचायला मिळत नाही. मोंतोनेला जाणाऱ्या गाडीत ती कोणीतरी सांगितली पाहिजे.

खर्च, तयारी आणि परतीनंतर

आखणीचा शेवटचा भाग व्यवहाराचा आहे, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बुखेनवाल्डच्या स्मारकात प्रवेशशुल्क नाही, परंतु तेथवर पोहोचण्याचा आणि राहण्याचा खर्च असतोच. तो पालकांच्या खिशावर टाकला की, कामगार वस्तीतील मूल गैरहजर राहते आणि कारण ‘आजारी’ असे लिहिले जाते. तेव्हा संपूर्ण वर्ग जाईल एवढाच खर्च ठरवावा. दूरचे ऑश्विट्झ परवडत नसेल तर जवळची उपछावणी पाहावी. एकट्या बुखेनवाल्डच्या १३० हून अधिक उपछावण्या होत्या. जर्मनीत सक्तीच्या मजुरांचा एखादा तळ नव्हता असे गाव शोधून सापडणार नाही. निघण्यापूर्वी काही आठवडे विद्यार्थ्यांनी आपल्याच गावातील कारखान्याची, रेल्वे स्थानकाची, नगरपालिकेची जुनी कागदपत्रे पाहावीत, आणि परतल्यावर जे सापडले ते कामगार संघटनेच्या सभागृहात किंवा ग्रंथालयात गावापुढे मांडावे. फार लहान मुलांना नेऊ नये. चौदा वर्षांखालील मुलांनी येऊ नये असे ऑश्विट्झचे स्मारकच सांगते. आणि जे मूल तेथे गेल्यावर गप्प राहील, ज्याला रडू येणार नाही, त्याला पाषाणहृदयी ठरवू नये. कदाचित तेच विचार करीत असेल.

असा दौरा केल्याने निवडणुकीचे निकाल बदलतील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. बेकारी, ओस पडलेली गावे, तुटलेल्या संघटना यांची उत्तरे संग्रहालयात मिळत नसतात; त्यांसाठी राजकारणच करावे लागते. परंतु १९३० साली ११.३ टक्क्यांच्या हाती शाळा आणि पोलिस देणारे लोक अडाणी नव्हते, आणि एरफुर्टच्या खिडकीपाशी बसून आराखडे काढणारे लोक क्रूर नव्हते, ही गोष्ट ज्या मुलाने स्वतः शोधून काढली, त्याला पुढे कोणी ‘हे तर फक्त दोन टक्के काम आहे’ असे सांगू लागला, तर ते मूल निदान मान वर करून खिडकीबाहेर पाहील. टेकडी तेथेच आहे.